सातशे रुपयांचा ससा

बंड्याला आम्ही २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सातशे रुपयांना विकत आणले. दुकानदाराने दिलेल्या पावतीवर ‘ससा, नर, १ नग’ असे लिहिले होते. त्यातला ‘नर’ हा शब्द चुकीचा असल्याचे आम्हाला नऊ महिन्यांनी, तेही रात्री बाराच्या सुमारास, एका दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलापाशी उभे असताना समजले. तोपर्यंत नाव घरात रुळले होते. त्यामुळे केसपेपरवर आजही ‘बंड्या, मादी’ अशी नोंद आहे आणि मीही येथे तिला बंड्याच म्हणणार आहे.

मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करते आणि घरखर्चाची वही लिहिण्याची सवय मला नोकरीच्याही आधीपासून आहे. ऑगस्ट २०२२ पर्यंत बंड्याचा खर्च त्या वहीतल्या ‘किरकोळ’ या सदरात मावत असे. त्यानंतर तिला स्वतंत्र पान द्यावे लागले. कुत्रा-मांजर सोडून दुसरे काही पाळणारे किंवा पाळण्याच्या विचारात असलेले ओळखीचे लोक अलीकडे मला विचारू लागले आहेत की, अशा प्राण्याच्या उपचाराला नेमका किती खर्च येतो आणि तो भागवायचा कसा. म्हणून ते पान येथे उघडते आहे.

ससा हा प्राणी आपल्याला काही अनोळखी नाही. कासवाशी शर्यत लावणारा आणि पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची हाकाटी करणारा ससा बोलता येण्याच्या आधीपासून आपल्या घरात असतो. पशुवैद्यकाच्या दृष्टीने मात्र तो ‘एक्झॉटिक’. दवाखान्यात हा शब्द कुत्रा, मांजर आणि गोठ्यातली जनावरे वगळून उरलेल्या सगळ्यांना लावतात. त्यामुळे बंड्याची गणना इग्वाना सरडा, खारीएवढा शुगर ग्लायडर, कॉकटेल नावाचा तुरेवाला पोपट आणि बॉल पायथन हा अजगर यांच्या पंगतीत होते. या वर्गवारीला कारण आहे. पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचा भर साहजिकच गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्यावर असतो, कारण राज्याची गरज ती आहे. सशाचे दात, पोपटाची श्वसनसंस्था किंवा कासवाचे मूत्रपिंड यांचा खोलवर अभ्यास ज्याला करायचा आहे, त्याला तो पुढे स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या पैशाने करावा लागतो. मोठ्या शहरातही अशी माणसे थोडी आहेत, आणि आमच्या खर्चाच्या पानाची सुरुवात हे ठाऊक नसल्यामुळेच झाली.

त्या ऑगस्टमध्ये बंड्याच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी येऊ लागले आणि डोळ्याखालची लव ओली होऊन चिकटू लागली. घराजवळच्या एका दवाखान्यात आम्ही तिला नेले. तिथे चारशे रुपये तपासणी आणि तीनशे दहा रुपयांची औषधे असा खर्च आला. औषधांत डोळ्यात घालायचे थेंब होते आणि लहान मुलांना देतात तसले गुलाबी, गोड वासाचे अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचे पातळ औषध होते. ते तिला फार आवडले. दोन दिवस तिने ते चाटून घेतले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुडीकडे पाठ करून ती पलंगाखाली जाऊन बसली.

सशाची लेंडी निरोगी असताना साधारण हरभऱ्याएवढी असते. त्या दिवशी दुपारी ती मिऱ्याएवढी झाली होती, आणि रात्री नऊनंतर पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नाही. बंड्या पोट जमिनीला दाबून बसली होती, कान गार पडले होते, आणि जवळ कान नेला की दातावर दात घासल्याचा बारीक करकर आवाज येत होता. तो वेदनेचा आवाज असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. माझी बारा वर्षांची मुलगी सई तर ‘ती काहीतरी चावते आहे, म्हणजे बरी आहे’ असे म्हणत होती. मी पाच ठिकाणी फोन केले. तिघांनी उचलला आणि तिघांचेही उत्तर एकच होते, ‘आम्ही फक्त डॉग आणि कॅट बघतो.’ तिसऱ्याने मात्र फोन ठेवण्याआधी एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. पुण्यातल्या धायरीहून औंधपर्यंत रिक्षाने जाताना सईने बंड्याला स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरले होते.

डॉक्टरबाईंनी आधी अंगाचे तापमान पाहिले, मग मधुमेहाचे रुग्ण घरी वापरतात तसल्या यंत्राच्या पट्टीवर कानातून घेतलेला रक्ताचा थेंब ठेवला, आणि मग माझ्याकडे वळून त्या जे बोलल्या ते मी आजवर कुठल्याही दवाखान्यात ऐकलेले नव्हते. त्या म्हणाल्या, “ताई, एक विचारते, संकोच करू नका. आज आणि येत्या आठवड्यात मिळून तुम्ही किती खर्च करू शकता? आकडा सांगा. त्यात काय बसते आणि कशाला पर्याय आहे ते मी सांगते.”

मला उत्तर देता येईना. घरातले लहान मूल आजारी असते तेव्हा ‘वाटेल तेवढा खर्च करा’ असे म्हणण्याची रीत आहे, आणि सातशे रुपयांच्या प्राण्याबद्दल तसे म्हणावे तर आपण वेडे ठरू, न म्हणावे तर निर्दय ठरू, अशा दोन्हीकडच्या लाजेत मी अडकले होते. सई बाजूला उभी होती, ती तर अडचण होतीच. शेवटी मी दहा हजार म्हटले. तो आकडा कुठून आला, मला सांगता येणार नाही. बहुधा त्या महिन्यात दिवाळीच्या बोनसपर्यंत तेवढेच हलवता येण्यासारखे होते.

त्या आकड्याने सगळे संभाषणच बदलले. डॉक्टरबाईंनी एका कागदावर दोन रकाने केले. रक्तातली साखर फार चढलेली नव्हती, त्यामुळे आतड्यात अडथळा असण्याची शक्यता कमी होती. तरी आतडे हलवणारे औषध देण्याआधी एक एक्स-रे आवश्यक होता, कारण आत खरोखर काही अडकले असेल आणि आपण आतडे जोराने हलवले तर ते फाटू शकते. तो पहिल्या रकान्यात गेला. कातडीखाली द्यायचे कोमट सलाइन, वेदनाशामक इंजेक्शन आणि पाण्यात कालवून भरवायची गवताची पूड हेही पहिल्या रकान्यात गेले. दुसरा एक्स-रे, रक्ताची सविस्तर तपासणी आणि दोन रात्री दवाखान्यात ठेवणे हे दुसऱ्या रकान्यात गेले. “ठेवले तर चांगलेच,” त्या म्हणाल्या, “पण सिरिंजने भरवायला तुम्ही शिकलात, तर घरीही जमेल.” मी शिकले. सिरिंज पटाशीच्या दातांच्या मागे, बाजूच्या मोकळ्या जागेतून आत सरकवायची, एका वेळी एक मिलिलिटरच सोडायचा, गिळल्याशिवाय पुढचा सोडायचा नाही; दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-सोळा मिलिलिटर. हिरवट लगदा माझ्या मनगटावर, तिच्या हनुवटीवर आणि पलंगाच्या चादरीवर सारखाच लागत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला मिऱ्याएवढी एक लेंडी पडली, तेव्हा मी कार्यालयातून रजा घेतल्याचे सार्थक झाले असे मला वाटले.

आता मूळ कारणाविषयी. डॉक्टरबाईंनी त्याच रात्री कान तपासायचे नळकांडे बंड्याच्या तोंडात घालून मला आत पाहायला लावले. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. धागेदार गवत तासन्‌तास चघळले तर ते झिजतात. आमच्या घरी मात्र बंड्याला गाजर, पोळी, मारी बिस्किट आणि दुकानातून आणलेले दाणेदार खाद्य मिळत होते, आणि गवत जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने काट्यासारखी टोके आली होती आणि वरच्या दातांची मुळे वर सरकून डोळ्यातले पाणी नाकात नेणाऱ्या नळीवर दाबत होती. डोळ्यातून पाणी येत होते ते यामुळे. डोळ्याला काहीही झालेले नव्हते. त्यावर दिलेले गुलाबी औषध माणसाच्या मुलाला निर्धोक असले, तरी सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जी जंतूंनी भरलेली पिशवी असते आणि जिच्यावर त्याचे सगळे पचन चालते, तिच्यातले उपकारक जंतू ते मारते आणि अपायकारक जंतूंना रान मोकळे करून देते. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधे सशाला तोंडावाटे देत नाहीत, हा एक्झॉटिक प्राणी पाहणाऱ्यांचा पहिला धडा असतो. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर मी बराच काळ रागावलेली होते. आता माझी तक्रार एवढीच आहे की, ‘मी ससे पाहत नाही’ हे त्यांनी सांगायला हवे होते, जसे त्या रात्री फोनवरच्या तिघांनी सांगितले.

पाच दिवसांनी, पोट सुरळीत झाल्यावर, भूल देऊन दाढांची टोके घासण्यात आली. त्याआधी सही करायच्या कागदावर मृत्यूची शक्यता स्पष्ट लिहिलेली होती. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, भूल दिलेल्या कुत्र्यांपैकी ०.१७ टक्के दगावले होते आणि सशांपैकी १.३९ टक्के, म्हणजे धोका आठपट. सशाच्या अरुंद तोंडातून श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते, शरीर लहान असल्यामुळे उष्णता लवकर जाते, आणि बरेच ससे आधीच खंगलेले असताना टेबलावर येतात. त्यामुळे भुलेच्या यंत्राखेरीज उबदार गादी, छोट्या छातीचे ठोके टिपणारा मॉनिटर आणि फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो. एक गोष्ट मात्र स्वस्तात सुटली. सशाला उलटी होतच नाही, म्हणून त्याला भुलेआधी उपाशी ठेवत नाहीत. उलट शुद्धीवर येताच खायला देता यावे म्हणून आम्हाला त्याच्या आवडीची भाजी सोबत आणायला सांगितली होती. मी दहा रुपयांची कोथिंबीर नेली होती.

वहीतल्या पानावर पुढील आकडे आहेत. पहिला दवाखाना ७१० रुपये. त्या रात्रीची तपासणी १,५००, साखरेची पट्टी १००, एक्स-रे ९००, सलाइन आणि इंजेक्शने १,१५०, भरवायची पूड ९५०, मिळून ४,६००. दाढा घासण्याचे ७,०००, त्याआधीची रक्ततपासणी १,६००, नंतरची औषधे ७८०, मिळून ९,३८०. पुढे दोन वेळा दाखवायला नेले त्याचे १,०००. एकूण १५,६९० रुपये. माझा दहा हजारांचा आकडा त्यात वाहून गेला, पण कधी आणि कशासाठी ओलांडला जाणार हे मला आधी कळलेले होते. सवयीप्रमाणे मी बिलात जीएसटीची ओळ शोधली आणि ती नव्हती, कारण पशुपक्ष्यांवर दवाखान्यात होणाऱ्या उपचारांच्या सेवेला तो लागत नाही. आयकरात मात्र यातला एक रुपयाही कुठे दाखवता येत नाही.

सातशे रुपयांवर पंधरा हजार सहाशे नव्वद म्हणजे बावीस पटींहून जास्त. हा भागाकार आमच्या अण्णांनी केला. माझे वडील खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात आणि त्या आठवड्यात पुण्याला आलेले होते. वही त्यांच्या हाती पडली. “अगं, सातशेचा ससा आन् पंधरा हजाराचं औषध? एवढ्यात दोन बोकडं येत्यात,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हिशेब होता. ज्या घरात जनावर हे भांडवल असते, तिथे उपचाराची मर्यादा जनावराच्या बाजारभावाने ठरते. बैल पन्नास हजारांचा असेल तर त्याच्यावर दहा हजार घालायचे की नाही, हा विचार होऊ शकतो. शेळी पाच हजारांची असेल तर होत नाही. यात निर्दयपणा पाहणारे लोक बहुधा शेतीच्या कर्जाचा हप्ता भरत नसतात.

गंमत म्हणजे विमा कंपन्यांचा हिशेबही अण्णांच्याच हिशेबावर उभा आहे. बंड्या बरी झाल्यावर मी विम्याची चौकशी केली. मी चौकशी केली त्या खासगी कंपन्यांकडे कुत्र्याचा विमा होता, मांजराचाही होता, पण सशाचे नाव काढताच फोनवरची मुलगी मला ‘एक मिनिट होल्ड करा’ म्हणत असे. मग मला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या पशुविमा योजनेची मार्गदर्शक तत्त्वे सापडली आणि तिथे चक्क सशांचे नाव निघाले. शेळ्या, मेंढ्या, डुकरे आणि ससे यांच्या बाबतीत दहा जनावरे मिळून एक ‘गुरांचे एकक’ धरायचे, असे त्यात म्हटले आहे. अण्णांना हे वाचून दाखवले तेव्हा ते मनापासून हसले आणि बंड्याला पुढे काही दिवस ‘दहावा हिस्सा’ म्हणू लागले. पण ती योजना पशुपालन करणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. त्यात कानाला बिल्ला मारलेला लागतो, विम्याची रक्कम जनावराच्या बाजारभावाएवढी असते आणि ती मुख्यतः ते मेल्यावर मिळते. म्हणजे ती आम्हाला लागू झाली असती तरी बंड्या गेल्यावर सातशे रुपये हाती आले असते आणि ती जगावी म्हणून केलेल्या खर्चाचे काहीच मिळाले नसते. अमेरिकेत नेशनवाइड ही कंपनी पक्षी, ससे आणि सरडे यांच्या उपचारखर्चाचा विमा उतरवते. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण तिच्या कॉकटेलसाठी दरमहा हप्ता भरते, पण तिलाही बिल आधी स्वतःच भरावे लागते आणि परतावा मागाहून मिळतो.

तेव्हा विमा नाही, करसवलत नाही, आणि आजार मात्र रात्रीच उद्भवणार, हे गृहीत धरून मी सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेत दरमहा दीड हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडले. माझे यजमान त्याला ‘बंड्याची भिशी’ म्हणतात. वर्षाला अठरा हजार जमतात. दाढा एकदा बिघडल्या की पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला दर चार महिन्यांनी त्या घासाव्या लागत होत्या आणि प्रत्येक वेळी पाच हजारांच्या आसपास खर्च येत होता. २०२३ च्या मार्चमध्ये गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तिला साडेअकरा हजार लागले. ती ऐच्छिक होती आणि मी बराच काळ चालढकल केली. पण सशांच्या काही जातींत नसबंदी न केलेल्या निम्म्याहून अधिक माद्यांना चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग झाल्याची नोंद आहे हे कळल्यावर पुढचे मोठे बिल टाळण्यासाठी आजचे लहान बिल भरणे मला पटले. पावतीवर ‘नर’ लिहिणाऱ्या दुकानदाराची मला त्या दिवशी पुन्हा आठवण झाली.

दवाखान्यात बाकावर बसून मी इतरांचेही हिशेब ऐकते. एकदा शेजारी एक तरुण मुलगा चपलांच्या खोक्यात बजरीगर घेऊन बसला होता. पक्षी पन्नास रुपयांचा की दोनशेचा, हे त्यालाही आठवत नव्हते आणि तपासणीचे आठशे रुपये ऐकून तो गडबडला होता. बजरीगरचे वजन तीस-चाळीस ग्रॅम असते आणि शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घेता येत नाही. म्हणजे सगळ्या तपासण्या फार तर सात-आठ थेंबांत बसवायच्या. तो पक्षी हातात धरण्यातच अर्धे कौशल्य असते, कारण त्याची छाती दाबली गेली तर त्याला श्वास घेता येत नाही. आठशे रुपये पक्ष्याच्या किमतीचे नसून त्या हाताचे असतात, असे मला त्याला सांगावेसे वाटले होते, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी गप्प राहिले. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडून निम्मेच घेतले, हे मला नंतर कळले. त्यांच्या बोलण्यातून असेही समजले की, सर्वांत उशिरा येतात ते आपले साधे हिरवे पोपट. ते पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून लोक दवाखान्यात जायलाच घाबरतात आणि पक्षी अगदी मरायला टेकल्यावर ‘झाडाखाली सापडला’ असे सांगत आणतात. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव हे परदेशी पोपट बाळगणाऱ्यांना आता फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. असे पक्षी घेणाऱ्यांनी खर्चाच्या आधी या कागदाची चौकशी केलेली बरी.

पैसे खरोखरच नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा विचार करावा, असे मी विचारणाऱ्यांना सांगते. मुंबईत परळला १८८६ सालापासूनचे महाविद्यालय आहे, आमच्या बाजूला शिरवळला आहे, नागपूरला आहे. तिथले शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने फारच कमी असते. वेळ जास्त लागतो, आणि आपल्या प्राण्याभोवती सात-आठ विद्यार्थी उभे राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याने पहिल्यांदाच सशाच्या तोंडात पाहिले असेल, तर त्यालाही माझी हरकत नाही. दुसरे म्हणजे, कुठल्याही डॉक्टरांना ‘या तपासणीचे उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती टाळता येईल का’ हा प्रश्न नम्रपणे विचारावा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

खर्च खऱ्या अर्थाने खाली आला तो गवतामुळे, आणि ते श्रेय अण्णांचे आहे. दाढा झिजवायला डॉक्टरबाईंनी टिमोथी गवत सांगितले होते. ते परदेशातून येते आणि किलोला आठशे रुपये पडत होते. अण्णांनी त्याची एक काडी हातात घेऊन मोडली, वास घेतला आणि म्हणाले, “ह्ये तर आपल्या मारवेलावानी हाय.” बांधावरचे मारवेल फुलोऱ्याच्या आधी कापून, सावलीत वाळवून त्यांनी पहिले पोते स्वतः बसमधून आणले. डॉक्टरबाईंनी मूठभर गवत टेबलावर पसरून बुरशी आहे का ते पाहिले, धागा तपासला आणि होकार दिला. लसूणघास मात्र नको म्हणाल्या, त्यात चुना जास्त असतो आणि मोठ्या सशाच्या लघवीत त्याचा गाळ साचतो. अण्णांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या लेखी लसूणघास हे गवतातले पक्वान्न आहे. आता दर दोन महिन्यांनी मारवेलाचे एक पोते येते आणि दाढा घासण्याचे अंतर चारवरून सात महिन्यांवर गेले आहे.

पोत्याच्या निमित्ताने एकदा आईने विषय काढला. आमच्याकडे एक खिलार बैल होता, त्याच्या शिंगाला कर्करोग झाला होता आणि तालुक्याच्या दवाखान्यात ते शिंग मुळापासून काढावे लागले होते. त्यानंतर तो औताला कधीच नीट चालला नाही. तरी चार वर्षे दावणीला होता, दोन वेळची वैरण खात होता आणि पावसाळ्यात जखमेच्या जागी अण्णा हळद-तेल लावत होते. “त्याचा कुठं भाव केला होता तुम्ही?” आईने विचारले. अण्णांनी पोत्याचे तोंड सुतळीने बांधण्याकडे लक्ष दिले आणि उत्तर दिले नाही. मीही पुढे विचारले नाही, पण त्या दिवसापासून वहीतला भागाकार त्यांनी पुन्हा कधी केलेला नाही.

गेल्या महिन्यात दाढा घासताना डॉक्टरबाईंना खालच्या जबड्यात डाव्या बाजूला एका मुळाशी हाड जरा फुगल्यासारखे वाटले. अजून गळू झालेले नाही. होईलच असेही नाही. सशाचा पू लोण्यासारखा घट्ट असतो, तो सुईने निघत नाही, त्यामुळे झालेच तर दात काढून, हाड खरवडून, जखम कित्येक आठवडे उघडी ठेवून धुवावी लागते. अंदाजे खर्च पंचवीस ते तीस हजार, आणि एवढे करून ते पुन्हा उद्भवू शकते. भिशीत सध्या एकवीस हजार चारशे आहेत.

या वेळी आकडा आम्ही आधी ठरवला. एका रविवारी सई शिकवणीला गेलेली असताना मी आणि यजमान वही घेऊन बसलो. तीस हजारांपर्यंत आणि एकदाच, असे मी लिहिले. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक अट घातली: दहा दिवसांनंतरही ती आपणहून खात नसेल, तर दुसरी शस्त्रक्रिया करायची नाही आणि डॉक्टरबाई सांगतील तेव्हा तिला शांतपणे जाऊ द्यायचे. सईला हे अजून सांगितलेले नाही. पुढची तपासणी येत्या शनिवारी आहे, त्याचे पाचशे रुपये मी पाकिटात वेगळे काढून ठेवले आहेत.